पॉडकास्टसाठी साधने आणि ध्वनिमुद्रणाची मांडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉडकास्ट सुरू करू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्न "कोणता माइक घेऊ?" येथून सुरू होतात. श्रोत्याच्या कानाला जाणवणारा फरक मात्र आधी खोलीमुळे पडतो, मग तोंड आणि माइक यांच्यातील अंतरामुळे, आणि माइकच्या किमतीचा क्रमांक त्यानंतर लागतो. पुढील उत्तरे हे लक्षात ठेवूनच लिहिली आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि अडचणीचे, अपवादाचे प्रश्न शेवटी आहेत.

१. अगदी कमीत कमी कोणते साहित्य लागेल?

एकट्याने बोलायचे असेल तर एक माइक, तो धरून ठेवणारा स्टँड, पॉप फिल्टर (तोंडातून येणारा हवेचा झोत मंदावणारी जाळी), कान पूर्ण झाकणारे तारेचे हेडफोन आणि ध्वनिमुद्रणासाठी संगणक किंवा मोबाइल एवढ्यावर काम भागते. यांपैकी स्टँडला बहुतेक जण गौण मानतात आणि तिथेच चूक होते. टेबलावरच्या बुटक्या स्टँडवरचा माइक तोंडापासून हातभर दूर राहतो, बोलणाऱ्याला त्याच्याकडे वाकावे लागते आणि टेबलाला बसलेला प्रत्येक धक्का थेट माइकपर्यंत जातो. टेबलाच्या कडेला आवळून बसवता येणारा, हवा तसा वळणारा आर्म-स्टँड असला की माइक तोंडाजवळ येतो आणि ताठ बसून तासभर बोलता येते. पैसे मोजके असतील तर माइक एक पायरी साधा घ्यावा, पण आर्म-स्टँड आणि हेडफोन यांना काट मारू नये. मिक्सर, रंगीत दिवे आणि भिंतीवरची सजावट यांची पहिल्या दिवशी काहीही गरज नसते.

२. वेगळा माइक न घेता नुसत्या मोबाइलवर रेकॉर्ड केले तर चालेल का?

पहिल्या काही भागांसाठी निश्चित चालेल, मात्र खोली शांत आणि मऊ सामानाने भरलेली हवी (प्रश्न ८ पाहा). मोबाइल हातात न धरता पुस्तकांच्या चळतीवर किंवा स्टँडवर तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवावा, माइकचे छिद्र तोंडाच्या किंचित बाजूला राहील असे पाहावे आणि विमान मोड चालू करावा, म्हणजे मध्येच फोन येऊन ध्वनिमुद्रण तुटणार नाही.

पुढची पायरी म्हणजे कॉलरला लावायचा छोटा माइक. येथे एक बारीक गोष्ट अनेकांना नडते. ३.५ मिलिमीटर जॅकच्या मोबाइलला तीन काळ्या कड्यांची पिन लागते, तर कॅमेऱ्यासाठीच्या माइकच्या पिनेवर दोनच कड्या असतात. चुकीची पिन लावली तर मोबाइल काहीही तक्रार न करता स्वतःच्या अंगच्या माइकवरच ध्वनिमुद्रण करत राहतो. म्हणून सुरुवातीला बाहेरच्या माइकवर नखाने हलकेच टकटक करावी आणि ते ध्वनिमुद्रण ऐकून खात्री करून घ्यावी.

३. यूएसबी माइक घ्यावा की एक्सएलआर?

यूएसबी माइकच्या पोटातच आवाज वाढवणारा प्रीअँप आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करणारे मंडल असते, त्यामुळे तो थेट संगणकाला जोडता येतो. एक्सएलआर हा तीन पिनांचा जोड आहे. त्या माइकसाठी मधे ऑडिओ इंटरफेस (हीच दोन कामे करून आवाज संगणकाला देणारी पेटी) किंवा स्वतंत्र रेकॉर्डर लागतो. "यूएसबीचा आवाज हलका आणि एक्सएलआरचा भारी" असा सरसकट समज बरोबर नाही. निर्णय एकाच प्रश्नावर करावा: एका खोलीत एका वेळी किती माणसे बोलणार आहेत? कायम एकटेच बोलणार असाल किंवा पाहुणे नेहमी इंटरनेटवरून येणार असतील, तर यूएसबी पुरेसा आहे. समोरासमोर बसून दुसरे कोणी बोलण्याची शक्यता असेल, तर माणशी एक एक्सएलआर माइक आणि तितक्या सॉकेटचा इंटरफेस हाच सरळ मार्ग आहे, कारण दोन यूएसबी माइक एका संगणकावर नीट नांदत नाहीत (प्रश्न १७ पाहा).

मन निश्चित होत नसेल तर सॅमसन क्यू२यू, ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स किंवा शूर एमव्ही७ यांसारख्या, दोन्ही जोड असलेल्या माइकचा विचार करावा. आज यूएसबीने सुरुवात करता येते आणि उद्या इंटरफेस घेतला तरी माइक बदलावा लागत नाही.

४. डायनॅमिक आणि कंडेन्सर यांत घरासाठी कोणता चांगला?

सामान्य घरातील खोलीसाठी बहुतेक वेळा डायनॅमिक. डायनॅमिक माइकमध्ये आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात हलते आणि त्यातून क्षीण विद्युतसंकेत तयार होतो. कंडेन्सरमध्ये विद्युतभारित असा अतिशय पातळ पडदा असतो. तो हलका असल्याने बारीकसारीक तपशील टिपतो, आणि त्याला चालण्यासाठी बाहेरून वीजपुरवठा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण त्याच्या भरवशावर अनेक जण माइक घेतात आणि निराश होतात. डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट गाळून टाकतो, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात माइकला आवाज आणि गोंगाट यांतील फरक कळत नाही. त्याची संवेदनशीलता कमी असल्याने आपण त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतो, आणि जवळ गेल्यामुळे आपला आवाज गोंगाटाच्या तुलनेत मोठा होतो. खरा फायदा त्या जवळिकीचा आहे. डायनॅमिक माइक दोन हात दूर ठेवून गेन (माइककडून आलेला संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) वाढवला, तर खोलीची घुमघुम आणि पंखा दोन्ही तितकेच ऐकू येतील. उलट, मऊ सामानाच्या शांत खोलीत जवळून बोललेला कंडेन्सर अतिशय सुंदर आवाज देतो.

५. माइकवर हृदयासारखे, गोल आणि आठच्या आकड्यासारखे चिन्ह आहे. कोणते निवडायचे?

एकट्याने बोलताना हृदयासारखे, म्हणजे कार्डिऑइड. या प्रकारात माइक समोरचा आवाज सर्वाधिक आणि पाठीमागचा सर्वांत कमी घेतो. म्हणून खिडकी, संगणकाचा पंखा किंवा गोंगाटाचे जे कोणते साधन हलवता येत नाही, त्याच्याकडे माइकची पाठ करावी. सुपरकार्डिऑइड माइक याला अपवाद आहे. तो पाठीमागचा थोडा आवाज घेतो आणि त्याची सर्वांत बहिरी दिशा समोरच्या अक्षापासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे मागे तिरपी असते. गोल चिन्ह सर्व दिशांचे आहे आणि आठच्या आकड्याचे चिन्ह समोरासमोर बसलेल्या दोघांसाठी उपयोगी पडते.

याला जोडूनच पाहायची गोष्ट म्हणजे माइकची तोंडाची बाजू. ब्लू यती आणि त्यासारखे अनेक कंडेन्सर माइक उभे ठेवून त्यांच्या कुशीशी बोलायचे असतात. त्यांचे टोक तोंडाकडे वळवून बोलणारे बरेच जण आढळतात, आणि मग आवाज पातळ, दूरचा येतो.

६. माइक तोंडापासून नेमका किती दूर असावा?

१० ते १५ सेंटिमीटर. मूठ वळून अंगठा उभा केल्यावर जेवढी लांबी होते, साधारण तेवढे. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, परंतु भिंतींवरून परतणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. १० सेंटिमीटरवरून ४० सेंटिमीटरवर गेलात तर तुमचा आवाज १२ डेसिबलने उतरतो आणि ती पोकळी खोली भरून काढते. महागडा माइक घेऊनही "स्टुडिओसारखा आवाज येत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांचे अंतर आधी मोजावे.

अगदी जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. कार्डिऑइड माइकच्या खूप जवळ गेल्यास खर्जातील भाग फुगतो आणि आवाज जड, काहीसा गुदमरलेला होतो. बोलताना मान हलली की हा फुगवटा कमी-जास्त होतो आणि ऐकणाऱ्याला एकच माणूस दोन आवाजांत बोलतो आहे असे वाटते. त्यामुळे अंतर ११ सेंटिमीटर आहे की १४, याला फारसे महत्त्व नाही. ते संपूर्ण भागभर एकसारखे राहायला हवे. कागद वाचून बोलायचे असेल तर तो माइकच्या मागे डोळ्यांच्या उंचीवर लावावा, म्हणजे मान खाली जात नाही.

७. "प", "फ", "ब", "भ" म्हणताना धप्प असा आवाज येतो. पॉप फिल्टर असूनही तो का जात नाही?

ही ओठांनी उच्चारायची व्यंजने म्हणताना मिटलेले ओठ उघडून हवेचा झोत बाहेर पडतो आणि तो पडद्यावर आदळला की धप्प होते. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजने भरपूर असल्याने "भ" आणि "फ" यांचा झोत विशेष जोराचा असतो. तोंडासमोर तळहात धरून "बाळ" आणि "भाऊ" म्हणून पाहिल्यास फरक लगेच कळतो. पॉप फिल्टर माइकला चिकटवून ठेवला असेल तर त्याचा उपयोग नाममात्रच होतो. दोघांमध्ये ५ सेंटिमीटर तरी जागा हवी, म्हणजे मंदावलेला झोत तिथे विरून जातो.

याहून परिणामकारक उपाय फुकटचा आहे. माइक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवावा आणि ३० ते ४५ अंश तिरपा करून त्याचे टोक ओठांच्या कोपऱ्याकडे वळवावे. हवा सरळ पुढे निघून जाते, आवाज मात्र सर्व दिशांना पसरत असल्याने माइकपर्यंत पोहोचतोच. "स", "श", "च" यांची टोचणारी धारही या तिरपेपणामुळे बोथट होते. उरलेसुरले धक्के संपादनात ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापून कमी करता येतात.

८. आवाज रिकाम्या डब्यातून आल्यासारखा घुमतो. खोलीचे काय करावे?

प्रथम खोलीची परीक्षा करावी. मधोमध उभे राहून एक टाळी जोरात वाजवावी. टाळीमागून झणझण किंवा लांबट शेपूट ऐकू आली, तर तीच शेपूट प्रत्येक शब्दाला चिकटणार आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे २ मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला त्याला १२ मिलिसेकंदही लागत नाहीत. इतक्या लवकर परतलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, पण मूळ आवाजात मिसळून त्याला गढूळ करतो. एकदा मिसळला की संपादनात तो पुरता वेगळा करता येत नाही, म्हणून हा उपाय ध्वनिमुद्रणापूर्वीच करायचा असतो.

घरातली सर्वांत मऊ खोली निवडावी. गादी, जाड पडदे, सतरंजी किंवा गालिचा, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, वेगवेगळ्या आकारांच्या पुस्तकांचे फडताळ या सगळ्यांमुळे आवाज शोषला जातो किंवा विखुरतो. फरशी आणि टाइल्स उघड्या असलेले स्वयंपाकघर सर्वांत वाईट. शांत ठिकाणी उभी केलेली, काचा बंद असलेली मोटार ही अडचणीच्या वेळची उत्तम जागा आहे, कारण ती लहान असते आणि तिच्या आसनांमुळे बराच आवाज शोषला जातो.

शोषक वस्तू कुठे लावायच्या, याचे उत्तर अनेकांना उलटे वाटते. बहुतेक जण त्या माइकच्या मागच्या भिंतीवर लावतात. परंतु कार्डिऑइड माइकची पाठ मुळातच बहिरी असते. त्याचे "डोळे" बोलणाऱ्याकडे आणि त्याच्या मागच्या भिंतीकडे लागलेले असतात. म्हणून जाड रजई किंवा गोधडी पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगावी, मग दोन्ही बाजूंना, आणि त्यानंतर समोर. ती भिंतीला चिकटवण्याऐवजी १० सेंटिमीटर पुढे टांगली तर अधिक खालचे सूरही शोषते. टेबलाचा गुळगुळीत पृष्ठभाग तोंडाच्या सर्वांत जवळ असतो, त्यामुळे त्यावर जाड कापड अंथरायला विसरू नये.

९. भिंतींना फोम लावला, तरी बाहेरच्या वाहनांचा आवाज येतोच. फोम निकृष्ट आहे का?

नाही, त्याचे काम वेगळे आहे. फोम खोलीतला आवाज खोलीत घुमू देत नाही, पण बाहेरचा आवाज अडवण्यासाठी वजनदार भिंत, फट नसलेली दारे-खिडक्या आणि थरांमधली मोकळी जागा लागते. अंड्यांच्या पुठ्ठ्यांनी यांपैकी काहीच साधत नाही, आणि ते पेट घेण्याचा धोका मात्र असतो. पातळ फोम केवळ वरचे सूर शोषतो. १०० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, त्यामुळे काही सेंटिमीटरच्या फोमचा त्याच्यावर परिणाम होत नाही. बाहेरच्या आवाजावर भाडेकरूला परवडणारा उपाय म्हणजे दाराखालची फट कापडाने बुजवणे, खिडकीपासून दूरची खोली निवडणे आणि वर्दळ कमी असलेली वेळ साधणे.

१०. पंखा आणि फ्रिज यांचा आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो ना?

काही प्रमाणात येतो, पण त्याबरोबर तुमच्या आवाजाचा थोडा जिवंतपणाही निघून जातो आणि शब्दांच्या कडा पाण्याखालून आल्यासारख्या वाटू लागतात. बंद करता येणारी प्रत्येक गोष्ट बंद करणे श्रेयस्कर. फ्रिज बंद केल्यास घराची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे तो पुन्हा चालू करायचा विसर पडत नाही. ही युक्ती ध्वनिमुद्रण करणाऱ्यांत जुनी आहे आणि खरोखर उपयोगी पडते. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ३० सेकंद गप्प राहून खोलीची नुसती शांतता मुद्रित करावी. आवाज स्वच्छ करणाऱ्या सॉफ्टवेअरला तोच नमुना लागतो आणि संपादनात दोन वाक्यांमधली रिकामी जागा भरायलाही तो वापरता येतो.

११. गेन किती ठेवायचा?

नेहमीचे बोलणे मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत मोठे शब्द उणे १२ ते उणे ६ यांच्या दरम्यान राहतील इतका. शून्य ही डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा आहे. तिच्या वर गेलेला भाग सपाट कापला जातो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. गेन ठरवताना लोक "हॅलो, एक, दोन, तीन" असे हळू म्हणतात आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात उत्साहाने बोलू लागतात. त्याऐवजी पहिल्या मिनिटाचा मजकूर खऱ्या सुरात म्हणावा, मग मनमोकळे हसून पाहावे, कारण मीटर लालमध्ये जातो तो बहुधा हसण्यानेच. शंका असेल तेव्हा गेन थोडा कमी ठेवावा. २४ बिटमध्ये (प्रश्न १६ पाहा) मुद्रित केलेला हळू आवाज नंतर सहज वाढवता येतो.

१२. डायनॅमिक माइकचा आवाज फार हळू येतो आणि गेन पूर्ण वाढवला की शूऽऽ अशी खरखर ऐकू येते. बूस्टर घ्यावा का?

आधी प्रश्न ६ प्रमाणे अंतर तपासावे. ३० सेंटिमीटरवरून १० वर आल्यानेच साडेनऊ डेसिबलच्या आसपास लाभ होतो. त्यानंतरही अडचण उरली तर इंटरफेस पाहावा. शूर एसएम७बी या माइकला किमान ६० डेसिबल गेन देणारा प्रीअँप लागतो, आणि जुन्या किंवा साध्या इंटरफेसमध्ये तितका गेन स्वच्छपणे मिळत नाही. अशा वेळी माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर लावला जातो. तो २५ डेसिबलपर्यंत भर घालतो आणि त्याला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (इंटरफेसकडून माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागते. मात्र नवा इंटरफेस घ्यायचाच असेल, तर पुरेसा गेन असलेला इंटरफेस निवडून बूस्टरचा खर्च वाचवावा.

१३. चुकून डायनॅमिक माइकला ४८ व्होल्ट दिले. तो बिघडला असेल का?

चांगल्या स्थितीतील तीन पिनांची केबल असेल तर डायनॅमिक माइकला सहसा काहीही होत नाही. काळजी घ्यायची ती रिबन माइकची (यात पडद्याऐवजी धातूची नाजूक पातळ पट्टी असते), विशेषतः केबल सदोष असल्यास. फँटम पॉवर चालू-बंद करताना मोठा धक्का ऐकू येतो, म्हणून त्या वेळी हेडफोनचा आवाज कमी करावा.

१४. मी एकटाच बोलतो. मग हेडफोनची गरज काय?

मीटरवर पातळी दिसते. केबलची खरखर, कपड्यांची सळसळ, दूरवरचा हॉर्न आणि सैल झालेला स्टँड मात्र कानांनाच कळतात, आणि ते तत्क्षणी कळले तर वाक्य पुन्हा म्हणता येते. हेडफोन मागून बंद असलेले घ्यावेत, नाहीतर त्यातला आवाज माइकमध्ये झिरपतो आणि पाहुणा ऑनलाइन असेल तर त्याचेच बोलणे दुसऱ्यांदा मुद्रित होते. ब्लूटूथ हेडफोन टाळावेत. त्यांतून आवाज उशिरा येतो, आणि त्यांचा माइक वापरात आला की अनेक संगणक हेडफोनला फोन कॉलच्या निकृष्ट गुणवत्तेवर नेऊन ठेवतात.

१५. हेडफोनमध्ये माझाच आवाज किंचित उशिरा येतो आणि मी अडखळतो. काय करू?

तुमचा आवाज संगणकात जाऊन सॉफ्टवेअरमधून परत येत आहे आणि त्या फेरीत वेळ जातो. इंटरफेसवर किंवा माइकवर "डायरेक्ट मॉनिटर" अशी कळ असल्यास ती चालू करावी आणि सॉफ्टवेअरमधील मॉनिटरिंग बंद करावे. दोन्ही चालू राहिल्यास आवाज दुहेरी येतो, आणि ही तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचे नेमके तेच झालेले असते.

१६. ४४.१ की ४८ किलोहर्ट्झ, १६ की २४ बिट, वेव्ह की एमपी३?

किलोहर्ट्झचा आकडा आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने घेतले ते सांगतो, बिटचा आकडा प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदला ते, आणि वेव्ह म्हणजे तपशील न गाळता साठवलेली फाइल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह आणि प्रत्येक माइकचा मोनो (एकाच वाहिनीचा) ट्रॅक ही निवड बहुतेक सर्व परिस्थितींत योग्य ठरते. व्हिडिओ कधीच करायचा नसेल तर ४४.१ नेही काही बिघडत नाही, पण सहभागी सर्वांचा आकडा एकच हवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापाने एका माइकचे तासाभराचे मुद्रण सुमारे ५२० एमबी भरते. हाच तास १२८ केबीपीएस एमपी३ मध्ये सुमारे ५८ एमबीत मावतो. मूळ ध्वनिमुद्रण तरीही एमपी३ मध्ये करू नये, कारण त्यात टाकून दिलेला तपशील परत येत नाही आणि प्रत्येक वेळी नव्याने साठवताना आणखी थोडा जातो. एमपी३ केवळ शेवटी, प्रकाशित करण्यासाठी काढावी.

काही रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट ही सोय असते. तिच्यामुळे पातळी चुकली तरी आवाज नंतर सावरता येतो. परंतु माइकचा पडदा किंवा त्यापुढचे मंडलच अतिमोठ्या आवाजाने विकृत झाले असेल, तर ती विकृती तशीच मुद्रित होते.

१७. दोघे एकाच खोलीत आहेत. एक माइक मधे ठेवावा, की दोन यूएसबी माइक एका लॅपटॉपला जोडावेत?

शक्यतो यांपैकी काहीच करू नये. मधे ठेवलेला माइक दोघांपासूनही दूर असतो आणि प्रश्न ६ मधील सर्व दोष एकदम येतात. दोन यूएसबी माइकच्या बाबतीत प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र असते, आणि बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकाच साधनाकडून आवाज घेते. मॅकवर "ऑडिओ मिडी सेटअप"मध्ये दोन साधने एकत्र करून घड्याळांतील फरक भरून काढण्याची सोय आहे. विंडोजवर तिसऱ्या पक्षाच्या सॉफ्टवेअरने असे जुगाड जमते, पण ते ऐन वेळी कोलमडण्याची शक्यता गृहीत धरावी. तातडीचा आणि विश्वासार्ह उपाय म्हणजे दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर मुद्रण करून फायली नंतर जुळवणे (प्रश्न १९ पाहा).

दोन एक्सएलआर माइक आणि दोन सॉकेटचा इंटरफेस असेल, तर दोन माइकमधील अंतर हे तोंड आणि माइक यांच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, म्हणजे तोंडापासून माइक १५ सेंटिमीटरवर असेल तर दुसरा माइक ४५ सेंटिमीटरच्या पलीकडे. अन्यथा एकच आवाज दोन्ही माइकमध्ये किंचित अंतराने शिरतो आणि पाइपमधून आल्यासारखा पोकळ होतो. समोरासमोर बसावे, म्हणजे प्रत्येक माइकची बहिरी पाठ समोरच्या व्यक्तीकडे येते.

१८. पाहुणा दुसऱ्या गावी आहे. कॉल रेकॉर्ड केला तर आवाज तुटक येतो.

इंटरनेटवरून आलेला आवाज वाटेतच दाबलेला आणि गाळलेला असतो. म्हणून कॉल फक्त एकमेकांना ऐकण्यासाठी वापरावा आणि प्रत्येकाचा आवाज ज्याच्या त्याच्या यंत्रावर मुद्रित करावा. रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या सेवा ब्राउझरमध्ये हेच करतात आणि स्थानिक फायली मागाहून चढवतात. भाग संपल्यावर फाइल पूर्ण चढेपर्यंत पाहुण्याने ब्राउझर बंद करू नये, हे त्याला आधीच सांगावे. पाहुणा तंत्रज्ञानाला बुजत असेल तर त्याला मोबाइलचा साधा रेकॉर्डर चालू करून समोर ठेवायला सांगावे. कॉलसाठी त्याने कान झाकणारे किंवा कानात बसणारे तारेचे हेडफोन वापरले, तर ते मोबाइल-मुद्रणही आश्चर्य वाटावे इतके चांगले येते. झूमवर बोलणे अपरिहार्य असेल तर सेटिंगमधून प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाइल साठवण्याचा पर्याय निवडावा. मुद्रण सुरू करण्यापूर्वी पाहुण्याची स्पष्ट संमती घ्यावी.

१९. दोन ठिकाणच्या फायली सुरुवातीला जुळतात, पण तासाभराने मागेपुढे होतात. का?

दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारख्या गतीने चालत नाहीत. दशलक्षामागे २० इतका क्षुल्लक फरकही एका तासात ७२ मिलिसेकंद होतो, आणि तेवढ्याने प्रश्नाआधी उत्तर आल्याचा किंवा दोघांनी एकमेकांना तोडल्याचा भास होऊ लागतो. यासाठी सुरुवातीला आणि शेवटीही टाळी वाजवावी. पहिल्या टाळीवर फायली जुळवून शेवटच्या टाळीपर्यंत किती फरक पडला ते मोजावे आणि एक फाइल तेवढी ताणावी, किंवा दर १०-१५ मिनिटांनी एखाद्या शांत जागी कापून सरकवावी. दुसरी पद्धत वेळखाऊ असली तरी आवाजाला धक्का न लावणारी आहे. फरक सेकंदांत असेल तर तो घड्याळाचा दोष नसतो. एक फाइल ४४.१ आणि दुसरी ४८ वर मुद्रित होऊन चुकीच्या दराने वाचली गेली आहे का, ते पाहावे.

२०. लॅपटॉपला चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाज येतो.

चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. आवाज थांबला तर जमिनीच्या तारेतून फिरणारा प्रवाह किंवा चार्जरचाच विद्युतगोंगाट हे कारण आहे. लॅपटॉप आणि बाकीची उपकरणे एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्यावीत, माइकची केबल वीजतारांना समांतर न नेता काटकोनात ओलांडावी आणि मोबाइल टेबलावरून दूर ठेवावा. तिसरी पिन तोडून किंवा अर्थिंग काढून हा आवाज घालवण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो, कृपया तसे कधीही करू नये.

२१. सॉफ्टवेअर कोणते वापरावे?

ऑडॅसिटी विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. मॅकवर गॅरेजबँड आधीच मिळते. अनेक ट्रॅकचे संपादन वरचेवर करावे लागू लागले की रीपर शिकण्याचे कष्ट सार्थकी लागतात. मुद्रणाची गुणवत्ता यांपैकी कशानेही बदलत नाही, त्यामुळे जे हाताला सरावाचे आहे तेच वापरावे.

२२. माझा भाग इतरांच्या तुलनेत हळू ऐकू येतो. किती मोठा करायचा?

सरासरी श्राव्य पातळी एलयूएफएस या एककात मोजतात आणि हे मोजमाप संपादन संपल्यावर, अगदी शेवटी करायचे असते. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपास, १ डेसिबल कमी-अधिक, आणि कमाल शिखर उणे १ डेसिबलच्या आत अशी आहे. स्पॉटिफाय उणे १४ धरते. एकच ध्येय ठेवायचे तर उणे १६ ठेवावे. फाइल मोनो असेल तर अनेक जण उणे १९ धरतात, कारण तोच आवाज दोन स्पीकरांतून आल्यावर सुमारे ३ डेसिबलने वाढतो. निवेदक आणि पाहुणा यांच्या पातळीतील तफावत मात्र आधी ट्रॅकवरच मिटवावी. संपूर्ण फाइल मोठी केल्याने ती तफावतही तशीच मोठी होते.

२३. माइक समोर होता, पण सगळे लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर मुद्रित झाले. वाचवता येईल का?

पूर्णपणे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी आवाज सुधारणारी साधने घुमणे बऱ्यापैकी कमी करतात, पण शब्दांचे उच्चार मध्येच बदलतात, म्हणून त्यांचा परिणाम अर्धाच मिसळावा आणि पूर्ण भाग ऐकूनच प्रकाशित करावा. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ पाहुण्याची सव्वा तासाची मुलाखत अशीच गेली. त्यांनी ती पुन्हा दिली, पण पहिल्या वेळचा ओघ दुसऱ्यांदा आला नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून प्रत्येक वेळी मुद्रण सुरू झाल्यावर माइकच्या जाळीवर नखाने खरवडतो, लॅपटॉपच्या कडेवर टकटक करतो, आणि कोणता आवाज हेडफोनमध्ये मोठा येतो ते ऐकूनच पहिला प्रश्न विचारतो.

२४. मुद्रण चालू असताना संगणक बंद पडला तर?

बहुतेक सॉफ्टवेअर अपुरी फाइल परत उभी करण्याचा प्रयत्न करते, म्हणून संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आधी तेच सॉफ्टवेअर उघडावे आणि तोवर डिस्कवर दुसरे काही लिहू नये. स्वतंत्र रेकॉर्डरच्या कार्डावरील फाइल शून्य आकाराची दिसत असेल, तर कार्ड फॉरमॅट न करता बाजूला काढून ठेवावे आणि फाइल परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचावे. पुन्हा न मिळणाऱ्या पाहुण्यासाठी दुसरे मुद्रण समांतर चालू ठेवावे. इंटरफेसच्या हेडफोन जॅकमधून रेकॉर्डरच्या लाइन इनपुटमध्ये नेलेली केबल पुरेशी असते, आणि तेही नसेल तर टेबलावर ठेवलेला एक मोबाइल. त्याचा आवाज घुमणारा असला तरी गेलेली चार वाक्ये त्यातून घेता येतात.